वाचकांचे प्रश्न : अडचणीच्या जागेतली बॅटरी

पावसाळा सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मोटारसायकलच्या बॅटरीचा विषय हमखास वाढतो, कारण मधले महिने गाडी कमी चाललेली असते आणि सणासुदीला ती बाहेर काढावी तर सेल्फ मान टाकतो. या खेपेच्या पत्रांतली मुख्य तक्रार मात्र बॅटरी उतरल्याची नसून, ती जिथे बसवली आहे तिथे हात जात नसल्याची आहे. त्यातली पाच पत्रे इथे एकत्र घेतली आहेत. सांगलीच्या पत्राचे उत्तर सर्वांत लांबले आहे, कारण इतर प्रश्नांची बरीचशी उत्तरे त्याच्यातच येतात.

प्रश्न : माझ्याकडे ३५० सीसीची मोटारसायकल आहे. तिची ८ अँपिअर-तासांची बॅटरी बाजूच्या पॅनलमागे लोखंडी डब्यात असून, वरच्या अंगाला फ्यूजची पेटी आणि सेल्फचा रिले (सेल्फला वीज सोडणारा स्विच) आहे. चार्जिंगसाठी बॅटरी काढताना पाना डब्याच्या कडेला लागून मोठी ठिणगी उडाली. परत बसवताना टर्मिनलमधला चौकोनी नट खाली पडला, तो काही केल्या जागेवर येईना, आणि शेवटी गाडी ढकलत गॅरेजमध्ये न्यावी लागली. हे काम घरी नीट करता येते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : करता येते, आणि ठिणगी का उडाली हे एकदा समजले की कामाचा निम्मा क्रम त्यातूनच उलगडतो. आजच्या मोटारसायकलींत बॅटरीचे मायनस टर्मिनल जाड वायरीने चेसिसला किंवा इंजिनला जोडलेले असते. म्हणजे गाडीचा जवळजवळ प्रत्येक उघडा धातूचा भाग, आपल्या बॅटरीचा डबासुद्धा, मायनसशीच जोडलेला असतो. अशा वेळी प्लसच्या बोल्टवर लावलेल्या पान्याचे दुसरे टोक डब्याला टेकले, तर तो पानाच शॉर्टसर्किटची वायर होतो. आपल्या बॅटरीएवढी छोटी बॅटरीही त्या क्षणी शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह सोडू शकते, आणि तेवढ्याने पान्याच्या पोलादाला खाच पडते, शिशाच्या टर्मिनलचा कोपरा वितळतो. मायनस आधी सोडली असेल, तर प्लसवरचा पाना डब्याला लागूनही काही होत नाही, कारण प्रवाहाला परत यायला वाटच उरलेली नसते. म्हणून काढताना आधी मायनस आणि मग प्लस, तर बसवताना आधी प्लस आणि सगळ्यात शेवटी मायनस, हा क्रम ठेवावा. मोकळ्या जागेत हा क्रम उलटला तरी पुष्कळदा निभावते, मात्र आपल्या गाडीसारख्या डब्यात ते निभावेल असे समजू नये.

पाना हाती घेण्यापूर्वी किल्ली बंद करून काढून घ्यावी. चालू इंजिनावर बॅटरीची वायर कधीही सोडू नये, कारण त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळते आणि इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी विजेच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत त्याचा फटका कंट्रोल युनिटला बसू शकतो. अंगठी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ आणि हातातले कडे उतरवून ठेवावे. १० नंबरच्या पान्याचे तोंड तेवढे उघडे ठेवून बाकीच्या दांड्यावर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन थर गुंडाळावेत. पॅनल काढताना एका कोपऱ्याला धरून ओढू नये. त्याच्या मागच्या खुंट्या रबरी बुशांत अडकवलेल्या असतात आणि जुने झालेले प्लॅस्टिक नेमके तिथेच तुटते. बुशावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडून खुंटीच्या अगदी शेजारी बोटे घालून सरळ बाहेर ओढावे. त्यानंतर मोबाइलवर दोन फोटो घ्यावेत, एक समोरून आणि एक वरून. फोटोत वायरींचा रंग दिसणे पुरेसे नाही. कोणती वायर कोणाच्या मागून वळली आहे आणि प्लसचे थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, कोणत्या कोनात बसले आहे, हे त्यात दिसले पाहिजे. अडचणीच्या जागेत बॅटरी परत न बसण्याचे कारण बहुधा हेच असते की, काढताना मागच्या भिंतीला चिकटून असलेली वायर बसवताना बॅटरीच्या खाली किंवा बाजूला येते, आणि मग तीच बॅटरी अर्ध्या सेंटिमीटरने मोठी झाल्यासारखी वाटू लागते.

आता मायनस सोडावी. तिच्या बोल्टपर्यंत पाना पोहोचतच नसेल, तर त्याच वायरीचे चेसिसकडचे टोक सोडले तरी विजेच्या दृष्टीने परिणाम तोच होतो. मात्र काही गाड्यांत मायनसवर दोन-तीन वायरी येतात, तेव्हा त्या सर्व सुटल्या आहेत याची खात्री करावी आणि सुटे टोक कापडात गुंडाळून बाजूला बांधावे. मायनस सुटल्यावरच फ्यूजची पेटी आणि रिले यांना हात लावावा. हे दोन्ही भाग सहसा स्क्रूने पक्के केलेले नसतात; रबरी खोळीत घालून ते पत्र्याच्या जिभेवर सरकवलेले असतात. त्यांच्या वायरी न सोडता खोळीसकट वर सरकवून ते बाजूला झुकवले, की बॅटरीच्या माथ्यावर तळहात आत जाईल एवढी जागा होते. वायरीला धरून ओढण्याचा मोह टाळावा. हे काम मायनसनंतरच करण्याचे कारण असे की, रिलेच्या एका नटावर बॅटरीची प्लस थेट आलेली असते आणि त्याचे रबरी टोपण निघालेले असेल, तर डब्याच्या कडेला तोही ठिणगी पाडू शकतो.

मग प्लस सोडावी, तिचे थिंबल टोपणात परत घालून वायर दोऱ्याने मागे बांधावी, रबरी पट्टा काढावा आणि बॅटरी दोन्ही बाजूंनी धरून हलवत बाहेर घ्यावी. ती अडली तर स्क्रू ड्रायव्हरची तरफ करून उचकटू नये, कारण प्लॅस्टिकच्या कवचाला गेलेला बारीक तडा लगेच दिसत नाही आणि दोन महिन्यांनी ओल धरतो. एखादी वायर किंवा स्पंजाची पट्टी कुठे अडकली आहे ते टॉर्च लावून पाहावे.

नटाचा प्रश्न सोडवायला वेगळ्या हत्याराची गरज नाही. या प्रकारच्या बॅटरीचे टर्मिनल म्हणजे शिशाचे छोटे चौकट असते आणि त्याच्या पोटात चौकोनी नट नुसता सरकवलेला असतो. बोल्ट निघाला की नट खाली बसतो आणि त्याचे भोक टर्मिनलच्या भोकाच्या खाली जाते, त्यामुळे बोल्ट कितीही फिरवला तरी आटे धरत नाहीत. बॅटरी बाहेर टेबलावर असतानाच नटाच्या खाली स्पंजाचा किंवा खोडरबराचा लहानसा तुकडा असा दाबून बसवावा की, नट वर उचलला जाऊन दोन्ही भोके एका रेषेत दिसतील. तुकडा नटाच्या मागे शिरून बोल्टच्या वाटेत येणार नाही एवढे पाहावे. त्यानंतर तिथेच, बाहेर, बोल्ट हाताने तीन-चार आटे फिरवून पाहावा. टेबलावर जो सहज लागत नाही तो डब्यात लागणार नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच टर्मिनलांना समोरून आणि वरून अशी दोन भोके असतात आणि नट वळवून बसवला की बोल्ट कोणत्याही बाजूने घालता येतो. डब्यात समोरून पाना फिरत नसेल आणि वरून स्क्रू ड्रायव्हर उतरत असेल, तर बोल्ट वरूनच घालावा, फक्त बोल्टचे डोके झाकणाला किंवा सीटच्या तळाला लागणार नाही हे आधी मोजून घ्यावे. डब्यात पडलेला जुना नट शोधायचा असेल तर चुंबकाची कांडी उपयोगी पडते, पण तीही धातूचीच असल्यामुळे वायरी जोडण्यापूर्वी वापरावी. पितळी नट मात्र तिला चिकटत नाही.

बसवताना वायरी पुरेशा लांब असतील, तर बॅटरी पूर्ण आत ढकलण्यापूर्वी ती अर्धी बाहेर असतानाच प्लस जोडून तिच्यावर टोपण चढवावे आणि मग बॅटरी जागेवर सरकवावी. निम्मी कसरत यानेच वाचते. तिच्या खालून नायलॉनची चपटी नाडी घालून दोन्ही टोके वर काढून ठेवली, तर पुढच्या वेळी बोटे आत न घालता बॅटरी उचलता येते. तळाचा आणि बाजूचा मूळ रबरी किंवा स्पंजाचा थर जिथल्या तिथे परत घालावा. बॅटरी आत सैल राहिली तर रस्त्याच्या हादऱ्यांनी तिच्या प्लेटा झिजतात. जागा उरत असेल तर रबराची पट्टी भरावी, कापड किंवा वर्तमानपत्र भरू नये, कारण ते पाणी धरून ठेवते. बोल्ट आवळताना पान्याला मनगटाचा जोर पुरतो. शिसे मऊ असते आणि खांद्याचा जोर लावला तर टर्मिनल पिळवटते. शेवटी मायनस जोडताना एखादी बारीक ठिणगी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, कारण कंट्रोल युनिटमधले कपॅसिटर भरताना तेवढे होते. पण किल्ली बंद असूनही ठिणगी मोठी असेल किंवा पुन्हापुन्हा येत असेल, तर तिथेच थांबून कोणती वायर दबली आहे ते शोधावे. सगळे जोडून झाल्यावर दोन्ही टर्मिनलांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा आणि पॅनल लावण्याआधी सेल्फ मारून पाहावा. घड्याळ आणि ट्रिप मीटर शून्यावर गेले असतील तर तो दोष समजू नये.

प्रश्न : माझ्या मोटारसायकलीतली ४ अँपिअर-तासांची बॅटरी वारंवार उतरते. दुकानदार म्हणतो की ५ ची घाला, लांबी-रुंदी तीच असते. ती सीटखालच्या खाचेत बसते आहे, पण सीट नीट लॉक होत नाही. दाबून बसवली तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दाबून बसवू नये. दुकानदाराचे म्हणणे लांबी-रुंदीपुरते खरे आहे. या दोन मापांच्या प्रचलित बॅटऱ्यांचा तळ साधारण ११३ मिलिमीटर लांब आणि ७० मिलिमीटर रुंद असतो. फरक उंचीत असतो, ४ ची उंची ८५ च्या आसपास, तर ५ ची १०५ च्या आसपास, आणि आपली सीट नेमक्या त्या दोन सेंटिमीटरांवर अडते आहे. पुष्कळ गाड्यांच्या सीटचा तळ पत्र्याचा असतो किंवा त्याला पत्र्याच्या पट्ट्या असतात. रिकामी सीट लॉक झाली तरी माणूस बसल्यावर ती खाली दबते, आणि त्या वेळी पत्रा दोन्ही टर्मिनलांवर टेकला तर सीटखाली आग लागू शकते. या विषयात एवढे कडक शब्द वापरावेत अशी जागा बहुधा हीच.

माप बदलताना टर्मिनलांची बाजूही पाहावी. एकाच आकाराच्या काही बॅटऱ्यांत प्लस डावीकडे असते आणि काहींत उजवीकडे. वायर पोहोचत नाही म्हणून बॅटरी उलटी फिरवणे किंवा वायर ताणणे ही धोक्याची सुरुवात असते. बॅटरी उलटी जोडली गेली तर नशीब असेल तेव्हा मुख्य फ्यूज जातो, आणि नसेल तेव्हा रेक्टिफायर, म्हणजे इंजिनावर तयार होणारी वीज बॅटरीत भरता येईल अशी करणारा भाग.

राहिला मूळ प्रश्न. १ अँपिअर-तासाच्या वाढीने उतरणारी बॅटरी उतरायची थांबत नाही, फक्त थोडी उशिरा उतरते. इंजिन मध्यम वेगाने चालू ठेवून टर्मिनलांवर मल्टिमीटर लावावा. १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे, १३ च्या खालीच घोटाळत असेल तर दोष बॅटरीबाहेर आहे. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनासोबत कायम चालू राहतो, हेही हिशेबात धरावे. सिग्नलला थांबत थांबत होणाऱ्या तीन किलोमीटरच्या फेरीत सेल्फने खर्च केलेली वीज परत भरून येत नाही.

प्रश्न : वडिलांची जुनी ब्रिटिश मोटारसायकल दुरुस्त करतो आहे. तिची प्लसची वायर चेसिसला जोडलेली आहे. पूर्वी कोणी चुकून उलटी जोडली असावी का? अशा गाडीत आधी कोणती वायर सोडायची?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ती चूक नसण्याचीच शक्यता अधिक आहे. बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन यांसारख्या ब्रिटिश गाड्यांत, विशेषतः लुकासची विद्युत यंत्रणा असलेल्या गाड्यांत, १९७० च्या दशकापर्यंत प्लस टर्मिनल चेसिसला जोडण्याची पद्धत सर्रास होती. वर सांगलीच्या वाचकांना सांगितलेला ‘आधी मायनस’ हा क्रम या गाडीला लावला तर नेमका उलटा पडतो. चेसिसला जोडलेली वायर आधी सोडायची आणि शेवटी जोडायची, हे दोन्ही प्रकारच्या गाड्यांना सारखेच लागू पडते, आणि आपल्या गाडीत ती वायर प्लसची आहे.

वायरींचे रंग आणि पूर्वीच्या कारागिरांनी लावलेल्या टेपा यांच्यावर विसंबू नये. बॅटरी बाहेर असताना मल्टिमीटरने कोणते टोक चेसिसशी जुळते ते तपासावे, झेनर डायोड (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) आणि रेक्टिफायर कोणत्या दिशेने जोडले आहेत ते माहितगाराकडून पाहून घ्यावे, आणि मगच नवी बॅटरी जोडावी. गाडीत पुढे एलईडी दिवा किंवा मोबाइल चार्जर बसवायचा असेल तर तो प्लस-चेसिसच्या गाडीत तसाच जोडता येत नाही. या कारणाने अनेक जण गाडी मायनस-चेसिसवर बदलून घेतात, पण ते काम केवळ बॅटरी फिरवून होत नाही.

प्रश्न : बॅटरी काढून चार्ज केली, बसवली, दिवे आणि हॉर्न उत्तम चालतात, पण सेल्फ दाबला की नुसती टकटक होते. गाडीला किक नाही. मेकॅनिक नवी बॅटरी सांगतो. खरेच लागेल का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : लगेच पैसे खर्च करू नयेत. दिव्यांना आणि हॉर्नला थोडेच अँपिअर लागतात, सेल्फला त्याच्या कित्येक पट. म्हणून टर्मिनलावरचा सैल सांधा दिव्यांना पुरतो आणि सेल्फला पुरत नाही. बॅटरी नुकतीच हाताळलेली असल्याने पहिला संशय तिथेच घ्यावा.

यासाठी मल्टिमीटरचा उपयोग थोड्या वेगळ्या पद्धतीने करावा. एक टोक थेट शिशाच्या टर्मिनलवर आणि दुसरे त्यावर बसलेल्या थिंबलवर टेकवावे, आणि कोणाला तरी सेल्फ दाबायला सांगावा. सांधा घट्ट असेल तर काटा जवळजवळ शून्यावर राहतो. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसला, तर वीज तिथेच अडते आहे. हेच दुसऱ्या टर्मिनलवर करावे. कारण बहुधा क्षुल्लक निघते. वॉशर हरवलेला असतो, पांढरा थर नीट घासलेला नसतो, किंवा मूळच्या बोल्टऐवजी थोडा लांब बोल्ट लावलेला असतो. लांब बोल्टचा प्रकार फसवा असतो, कारण त्याचे टोक टर्मिनलच्या मागच्या भिंतीला टेकते, पान्याला तो घट्ट लागतो आणि थिंबल मात्र बोटाने हलते. बोल्ट घट्ट आहे का हे न पाहता थिंबल हलते का हे पाहावे.

दोन्ही सांधे ठीक असतील, तर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर मीटर ठेवून सेल्फ दाबावा. चार्ज करून काही तास ठेवलेली चांगली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ ते १२.८ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ दाबताच ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर मेकॅनिकचे म्हणणे बरोबर आहे. गाडी ढकलून गिअरमध्ये सोडण्याचा जुना उपाय इंजेक्शनच्या गाड्यांत नेहमी चालत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या असल्याने, बॅटरी पार मेलेली असेल तर पेट्रोलचा पंपच फिरत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत पाण्याची बॅटरी आहे. पावसाळ्यात ती काढून ठेवते, पण परत बसवल्यावर साखळीजवळ पांढरे डाग पडू लागले. तसेच बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते असे घरचे सांगतात, ते खरे आहे का?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : डागांचे कारण बहुधा बॅटरीची पातळ वाफनळी आहे. पाणी घालण्याच्या बॅटरीला बाजूला एक बारीक तोंड असते आणि त्यावर बसणारी नळी आम्लाचा अंश असलेली वाफ व थेंब गाडीच्या खाली सोडते. अडचणीच्या जागेत बॅटरी ढकलताना ही नळी निघते किंवा बॅटरीखाली चेंगरते. निघाली तर थेंब साखळीवर आणि चेसिसवर पडतात. चेंगरली तर वायूला वाट राहत नाही आणि ते अधिक धोक्याचे आहे. म्हणून अशी बॅटरी बसवण्याआधीच नळी जोडावी, तिचे खालचे टोक साखळी आणि सायलेन्सर यांच्यापासून दूर काढावे, आणि बॅटरी आत गेल्यावर नळीला कुठे पीळ बसला नाही ना ते बोटाने चाचपावे. डाग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावेत, मात्र हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. ही बॅटरी आडवी करून बाहेर काढणेही टाळावे. सीलबंद बॅटरी काढताना थोडी कलती झाली तरी चालते.

फरशीची भीती सोडून द्यावी. आजच्या प्लॅस्टिकच्या कवचातून फरशीत वीज जात नाही. बॅटरी उतरते ती आपल्या आपणच, आणि उष्ण हवेत अधिक वेगाने. तिला कोरड्या, सावलीच्या जागी ठेवून महिन्यातून एकदा, क्षमतेच्या एक दशांश अँपिअरने चार्ज करावे, म्हणजे ५ अँपिअर-तासांची असेल तर अर्ध्या अँपिअरने. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तेव्हा देवघराजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ ती ठेवू नये, आणि चिमटे लावून झाल्यावरच चार्जरचे बटण चालू करावे. पाण्याची पातळी खालच्या रेषेशी आली असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बॅटरी निकामीच झाली असेल तर ती भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नये; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात न मिसळता अधिकृत संकलनाकडे द्यायची असते, आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करून देतो.